पाडव्याला पाणपोई घालताय? मृगापर्यंत ती भरलेली कशी ठेवायची

गुढीपाडव्याच्या सकाळी गावोगावी रांजणांना हार घातले जातात, नारळ फुटतो आणि पहिला पेला पाहुण्यांच्या हातात जातो. महिन्याभराने, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, त्याच रांजणांत डोकावलं तर बऱ्याच ठिकाणी तळाला बोटभर पाणी असतं, त्यावर वाळली पानं तरंगत असतात आणि साखळीला पेला उरलेला नसतो. चैत्रातली तहान माणूस कशीबशी मारून नेतो, वैशाखातली मारता येत नाही. नेमकी गरज असते तेव्हाच पाणपोई कोरडी पडलेली असते.

पाडव्याला पाणपोई घालण्याच्या या परंपरेला प्रपादान म्हणतात. त्यात दोन अटी आहेत: पाणी चार महिने द्यायचं आणि ते सर्वांसाठी खुलं ठेवायचं. एवढं झेपत नसेल तर रोज एक घागर द्यावी, अशी सोयही आहे. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. दहा रांजण मांडून पंधरवड्यात बंद पाडण्यापेक्षा एक माठ पाऊस पडेपर्यंत भरत राहणं केव्हाही चांगलं. खालचा सगळा क्रम त्या हिशेबाने मांडला आहे.

## १. होळीच्या आधी: माणसं आणि लिटर मोजा

पहिलं काम रांजण घेण्याचं नाही. पाणी रोज कोण भरणार हे ठरवण्याचं आहे.

पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येतो आणि मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. म्हणजे चार महिने जमले नाहीत, मृगापर्यंतच धरलं, तरी दोन ते पावणेतीन महिन्यांची बांधिलकी. त्यातला मे महिना सर्वांत अवघड. शाळांना सुट्ट्या लागतात, शिक्षक गावी जातात, लग्नसराई असते, कॉलेजची मुलं परीक्षा संपवून पांगतात. शाळेच्या किंवा कॉलेजच्या मुलांच्या जिवावर सुरू केलेली पाणपोई परीक्षा संपताच बंद पडते. त्यात मुलांचा काही दोष नाही, माणसं निवडताना मे महिना कुणी धरलेलाच नसतो. यादी करताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "मे महिन्यात तुम्ही इथेच आहात का?" समोरचा किराणा दुकानदार, पानवाला, रिक्षा स्टँडवरचे चालक, इमारतीचा वॉचमन, देवळाचे पुजारी, रसवंतीवाला ही माणसं उन्हाळाभर जागेवर असतात. त्यांच्यातली दोघं जरी मिळाली तरी पाणपोई उभी राहते.

सात माणसांनी एकेक वार वाटून घ्यावा. शिवाय या सातांवर एक राखीव माणूस हवा. कुणी आजारी पडलं, लग्नाला गेलं, की तो दिवस त्याच्याकडे.

आता लिटरांचा हिशेब. साधा पेला पाव लिटरचा. उन्हातून आलेला माणूस एका पेल्यावर थांबत नाही, आणि हल्ली बहुतेकांच्या हातात रिकामी बाटली असते. शंभर माणसांमागे ४० ते ५० लिटर धरा. विसळायला, धुवायला आणखी १०-१५ लिटर. २० लिटरच्या माठातून कागदावर ८० पेले निघतात, प्रत्यक्षात ६० निघाले तरी पुष्कळ.

तपासा: रोजचं पाणी कुठून येणार, कोण वाहणार आणि टँकर किंवा जार विकत घ्यावा लागला तर पैसे कोण देणार? तिन्हींची उत्तरं नावानिशी मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. मिळत नसतील तर आकडा निम्मा करा आणि पुन्हा विचारा.

## २. जागा: दुपारी दोन वाजता जाऊन बघा

जागा पाहायला लोक सकाळी जातात. सकाळी सगळीकडेच सावली असते. ठरवलेल्या जागी दुपारी बारा, दोन आणि चार वाजता जाऊन उभं राहा. तिन्ही वेळा रांजणावर सावली राहणार असेल तर ती जागा धरा.

झाडाखाली मांडायचं असेल तर झाड कुठलं आहे ते बघा. कडुनिंब आणि पिंपळ चैत्रात नवी पालवी धरतात, त्यांची सावली पुढे दाट होत जाते. उलट काही झाडं ऐन उन्हाळ्यात उघडीबोडकी असतात. वडाची सावली उत्तम, पण फळांसाठी पाखरं येतात आणि त्यांची शीट थेट झाकणावर पडते. वडाखाली मांडायचं तर वर पत्र्याचं किंवा झावळ्यांचं छप्पर हवंच.

पाणपोई माणसं थांबतात तिथे हवी. एसटी थांबा, आठवडी बाजार, तहसील कचेरी, ग्रामीण रुग्णालयाचं फाटक, सकाळी मजूर उभे राहतात तो नाका. चैत्रात पायी यात्राही असतात: पंढरपूरची चैत्री वारी, शिखर शिंगणापूरच्या कावडी, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, वणीच्या सप्तशृंगीला खानदेशातून चालत जाणारे भाविक. तुमचं गाव अशा वाटेवर असेल तर ते चार-सहा दिवस नेहमीच्या कितीतरी पट पाणी लागेल. ते वेगळं धरून ठेवा.

उघडं गटार, मुतारी, कचराकुंडी यांच्या जवळ मांडू नका. धुळीच्या वळणावर, जिथे गाड्या वेग वाढवतात, तिथेही नको. पदपथावर मांडणार असाल तर माणसाला चालायला वाट राहिली पाहिजे. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच ठेवा. खाजगी जागा असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. एसटी स्थानकात आगार व्यवस्थापकांची परवानगी लागते. पाडव्याच्या आदल्या दिवशी परवानगी मागायला गेलात तर ती बहुधा मिळत नाही.

सांडलेलं पाणी कुठे जाईल तेही आत्ताच ठरवा. एखाद्या झाडाच्या आळ्याकडे उतार काढा किंवा छोटा शोषखड्डा घ्या. चिखल झाला की बायका साडी सावरत लांबूनच निघून जातात, आणि चार दिवसांत तिथे डास होतात.

## ३. पाणी: चवीवर विश्वास ठेवू नका

सगळ्यात गंभीर चुका इथे होतात. दूषित पाण्याची पाणपोई नसलेली बरी.

पहिली पसंती नळाच्या, क्लोरीन घातलेल्या पाण्याला. दुसरी ग्रामपंचायतीच्या शुद्धीकरण केंद्रातल्या पाण्याला. बोअर किंवा विहिरीचं पाणी वापरायचं असेल तर आधी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत आणि काही ठिकाणी उपविभागातही आहेत. नमुना कसा आणि कशात आणायचा ते आधी विचारा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, घरची धुतलेली बाटली चालत नाही.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार जास्त आहेत. फ्लोराइडचं पाणी चवीला गोड लागू शकतं, दिसायला स्वच्छ असतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. ते उकळून जात नाही, क्लोरीनने जात नाही, तुरटीच्या एका फिरवणीनेही जात नाही. अशा गावात बोअरचं पाणी पाणपोईला वापरूच नका.

पाणी गाळायला जुनं सुती कापड चार पदरी करून घ्या. जुनी सुती साडी किंवा धोतर नव्या कापडापेक्षा चांगलं, कारण वापराने सूत फुगून विण दाट होते. कापड रोज धुवून उन्हात वाळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाजू वर ठेवायची. उलटं धरलं तर कालचा गाळ आज पाण्यात उतरतो.

नंतर निर्जंतुकीकरण. गावोगावी टीसीएल पावडरची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, चिमूट रांजणात टाकतात. ही पद्धत सोडून द्या. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला अर्धा ग्रॅम. अर्धा ग्रॅम चिमटीने मोजता येत नाही. एक दिवस पाण्याला इतका वास येतो की लोक थुंकून टाकतात, दुसऱ्या दिवशी काही परिणामच होत नाही. शिवाय उघडी राहिलेली पावडर जोर गमावते. पाणपोईसाठी क्लोरीनच्या गोळ्या किंवा बाटलीतलं द्रावण वापरा आणि लिटरमागचं प्रमाण लेबलवर असेल तेच घ्या. आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा, बऱ्याच वेळा तिथेच मिळतं.

क्रम असा: पाणी गाळून झाकणाच्या प्लास्टिक किंवा स्टीलच्या पिंपात घ्या, त्यात औषध घालून ढवळा, किमान अर्धा तास झाकून ठेवा, आणि मगच माठात भरा. थेट माठात औषध घालू नका. मातीत क्लोरीन लवकर ओसरतं, आणि जंतू मरायला लागणारा वेळ मिळत नाही.

तपासा: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते बघणारी चाचणी, करतो. तोच संच वापरून पिंपातलं पाणी बघा. फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर पाणी माठात भरू नका. नळाचं पाणी आधीच पिवळा रंग देत असेल तर त्यात आणखी औषध घालण्याची गरज नाही.

सावधान: बर्फ घालू नका. लादीचा बर्फ पुष्कळदा पिण्यासाठी बनवलेलाच नसतो, आणि तो गोणपाटात गुंडाळून भुशातून येतो. माठाचा गारवा पुरतो.

## ४. होळीनंतर: माठ-रांजण निवडणं आणि मुरवणं

होळी ते पाडवा पंधरा दिवस मिळतात. माठ याच काळात घ्या.

बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर चांगला भाजलेला, भद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कच्चा आहे. काळा घ्यावा की तांबडा यावर वेळ घालवू नका. माती सच्छिद्र आहे का एवढं महत्त्वाचं. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून बाहेरून चकचकीत रंगवलेला, वॉर्निश मारलेला माठ शोभेला ठीक, पाणी गार करत नाही. सिमेंटचे माठही नकोत.

आणि हात जोडून सांगतो, रांजणावर ऑइल पेंटने देणगीदारांची नावं लिहू नका. जिथे रंग लागला तिथली छिद्रं बुजली. चारही बाजूंनी नावं रंगवलेला रांजण दुपारी कोमट पाणी देतो, आणि ज्यांची नावं आहेत त्यांनाच लोक नावं ठेवतात. नावं पाटीवर लिहा आणि पाटी झाडाला टांगा.

तोटी बसवलेलेच माठ घ्या. घरी भोक पाडायला गेलं की माठ तडकतो. तोटी तळापासून तीन-चार बोटं वर असावी, म्हणजे बसलेला गाळ पेल्यात येत नाही. आत-बाहेर दोन्हीकडे रबरी वायसर आहे ना, ते बघा.

माठ आणल्यावर आतून-बाहेरून काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने घासा. साबण लावू नका, माती तो शोषून घेते आणि पुढचे कित्येक दिवस पाण्याला वास येतो. मग काठोकाठ भरून दिवसभर ठेवा, पाणी झाडांना घाला, पुन्हा भरा. मातीचा उग्र वास जाईपर्यंत हे करत राहा, साधारण तीन वेळा करावं लागतं.

तपासा: रात्री भरून ठेवलेला माठ सकाळी बाहेरून ओलसर लागला पाहिजे. कोरडा असेल तर तो गार करणार नाही. खाली थारोळं साचलं असेल तर गळतो आहे. दोन्ही परत करा.

विकत घेताना लागतात त्याच्या दुप्पट माठ घ्या. ही उधळपट्टी नाही, कारण पुढे सांगतो.

## ५. मांडणी

जमिनीवर माठ ठेवू नये. लोखंडी तिवई, लाकडी घडवंची किंवा विटांचा ओटा करून त्यावर वाळूचा थर द्या आणि त्यात माठ घट्ट बसवा. वाळू ओली ठेवली की तळही गार राहतो. माठामाठांत हात जाईल इतकं अंतर सोडा. चिकटून ठेवले तर मधून वारा फिरत नाही, आणि वारा फिरला नाही तर गारवा येत नाही. मागून-बाजूने प्लास्टिकचा कागद किंवा फ्लेक्स गुंडाळू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं तर पाणी आणखी गार होतं. कोकणात, गोव्यात हवाच दमट असते, तिथे गोणपाटाने फार फरक पडत नाही आणि त्यावर बुरशी धरते. तिथे दाट सावली आणि वारा यांवरच भर द्या.

तोटीखाली दीड वीत मोकळी जागा हवी, नाहीतर लिटरची बाटली बसत नाही आणि माणूस बाटली तिरकी धरून अर्धं पाणी सांडतो. एक तोटी कमी उंचीवर असू द्या, लहान मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी.

तोटी नसलेला मोठा रांजणच वापरायचा असेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, त्याला टांगायला रांजणाबाहेर खिळा मारा, आणि पाणी काढून देणारा माणूस बसवा. लोकांनी स्वतः पेला बुडवायचा म्हटलं की प्रत्येकाची बोटं पाण्यात जातात, आणि तिसऱ्या माणसापासून ते पाणी पिण्यालायक राहत नाही.

इथे एक गोष्ट विसरू नये. वरून ओंजळीत पाणी ओतून देण्याची पद्धत आपल्याकडे बराच काळ काही ठराविक माणसांसाठीच होती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला तो सार्वजनिक पाण्यावरच्या हक्कासाठी. पाणी काढून देणारा माणूस ठेवलात तर प्रत्येकाला त्याच पेल्याने, त्याच तऱ्हेने द्यायचं. कुणाला पेला, कुणाला ओंजळ, असं एकदाही होता कामा नये. तोटी लावली की हा प्रश्नच उरत नाही, म्हणून माझा कौल तोटीला.

पेले स्टीलचे, साखळीला बांधलेले. कागदी-प्लास्टिकचे नकोत. दुसऱ्या दिवशीच रस्ताभर पसरतात.

## ६. पाडव्याच्या तीन दिवस आधी: रंगीत तालीम

गाजावाजा न करता पाणपोई सुरू करा आणि फक्त एक गोष्ट वहीत लिहा: पाणी किती वाजता संपलं. सकाळी भरलेलं पाणी दुपारी दोनला संपलं तर खरी गरज दुप्पट आहे. संध्याकाळी अर्ध्याहून जास्त उरलं तर एक माठ कमी करा. अंदाजाने मांडलेल्या आकड्यापेक्षा हे तीन दिवस जास्त खरं सांगतात.

## ७. पाडव्याचा दिवस

घरची गुढी उभारून, कडुनिंबाची पानं, गूळ, ओवा, मिरी, हिंग, चिंच यांचा प्रसाद घेऊन मग पाणपोईवर या. माठ आदल्या रात्रीच भरलेले असावेत. सकाळी भरले तर पहिल्या माणसाला कोमट पाणी मिळतं.

पूजा माठाच्या बाहेरून करा. हळद-कुंकू, अक्षता, फुलं, नाणं, कडुनिंबाचा डहाळा, यातलं काहीही पाण्यात टाकू नका. भक्तीने टाकलेलं फूल संध्याकाळपर्यंत कुजायला लागतं. वाळ्याची जुडी घालायची असेल तर घाला, ती जुनी आणि चांगली पद्धत आहे. पण आधी स्वच्छ धुवा, सुती कापडात बांधा आणि तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवा.

मंडप, ध्वनिक्षेपक, बॅनर यांवरचा खर्च माठांच्या खर्चापेक्षा जास्त होत असेल तर तो पैसा मे महिन्यातल्या पाण्यासाठी बाजूला काढा. पाटीवर चेहरे नकोत. "पिण्याचं पाणी, सर्वांसाठी", पाणी संपल्यास किंवा अस्वच्छ दिसल्यास फोन करण्याचा क्रमांक, एवढंच मोठ्या अक्षरांत असावं.

## ८. रोजचा क्रम

दुप्पट माठ घ्यायचं कारण आता. दुपारी एकला माठ रिकामा होतो आणि माणूस गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आणून ओततो. ते पाणी चटका लागेल इतकं गरम असतं, आणि ते गार व्हायला चार-पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळ. म्हणून माठांची जोडी ठेवा. पहाटे पहिला वापरात, दुसरा भरून झाकून. पहिला संपला की दुसरा उघडा आणि पहिला धुवून भरून ठेवा. पाणी नेहमी सकाळी आठच्या आत पिंपात साठवा आणि पिंपही सावलीत ठेवा.

सकाळी: कालचं उरलेलं पाणी झाडांना, माठ आतून काथ्याने फिरवून विसळणं, पेले घासणं, गाळणं बदलणं, भरणं, झाकणं. दुपारी: जोडीचा माठ उघडणं, तोटी पुसणं, पेले विसळणं. संध्याकाळी: वहीत वेळ आणि सही. एवढं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

भरणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. माठात हात घालून धुणारा माणूस जुलाबाने आजारी असेल तर त्या आठवड्यात त्याचा वार बदला.

सावधान: पाणपोईचं पाणी प्यायल्यावर पोट बिघडल्याची एकजरी तक्रार आली तरी त्याच क्षणी सगळं ओतून टाका, पाणपोई बंद ठेवा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि पाणी तपासून घ्या. लोक काय म्हणतील म्हणून चालू ठेवू नका.

सावधान: उन्हाने भोवळ येऊन पडलेल्या, नीट शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर ओलं कापड ठेवून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत असलेल्या थकल्या माणसासाठी ओआरएसची पाकिटं डब्यात ठेवा.

## ९. आठवड्याचा कोरडा दिवस

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक माठ आणि पिंप पूर्ण रिकामं करून, भिंती घासून, उन्हात कोरडं करा. जोडी असल्यामुळे पाणपोई बंद ठेवावी लागत नाही.

जड पाण्याच्या भागात माठावर बाहेरून पांढरे क्षार धरतात. त्यानेही छिद्रं बुजतात. काथ्याने ओला असतानाच घासा. घासूनही माठ बाहेरून ओलसर होत नसेल तर त्याचं काम संपलं, नवा घ्या.

## १०. गुरं आणि पाखरं

प्रपादान माणसांपुरतं नाही. पण एकाच ठिकाणी दोघांची सोय करू नका. गुरांची डोण किंवा सिमेंटची कुंडी माणसांच्या पाण्यापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला असावी, आणि तिला आठवड्याने आतून चुना फासावा, म्हणजे शेवाळ धरत नाही.

पाखरांसाठी मातीचं परळ घ्या, दोन-तीन बोटं खोल. खोल भांड्यात चिमण्या उतरत नाहीत आणि मधमाश्या बुडतात. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. मांजर झेप घेईल अशा झुडपाशेजारी ठेवू नका. पाणी रोज बदला.

## ११. आखाजीची फेरतपासणी

अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देण्याची पद्धत सगळीकडे आहे, खानदेशात या सणाला आखाजी म्हणतात आणि त्या दिवशी घागर भरतात. पाणपोईची मधली तपासणी याच दिवशी करा, म्हणजे विसरत नाही.

वही उघडा आणि गेल्या आठवड्यात पाणी किती वाजता संपत होतं ते बघा. पाडव्याच्या आठवड्यापेक्षा ते आता बरंच लवकर संपत असणार. एक माठ वाढवा किंवा दुपारची एक भरती वाढवा. कुणाच्या वाराला सही नाही ते बघून त्याच्याशी बोला, रागावू नका, तो वार सरळ दुसऱ्याला द्या. सावली पुन्हा दुपारी दोनला तपासा. मे महिन्यात महाराष्ट्रावरून सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मार्चमध्ये भिंतीच्या आडोशाला असलेला माठ आता उघड्यावर आलेला असू शकतो. पाणी पुन्हा एकदा प्रयोगशाळेत द्या, विहिरी-बोअरची पातळी खाली गेल्यावर पाण्याचा कस बदलतो. गावात टंचाई सुरू होऊन टँकर लागला असेल तर टँकर कुठून भरतो ते चालकाला विचारा आणि त्याच्या पाण्याची ओटी टेस्ट केल्याशिवाय ते माठात घेऊ नका.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना पुन्हा बोलवायचं असेल तर या दिवशी बोलवा, आणि प्रत्येकाला मे महिन्याचे दोन दिवस द्या.

## १२. बंद कधी आणि कशी करायची

तिथीवर बंद करू नका. अधिक महिना आला की चार महिन्यांचं गणित सरकतं, आणि मृग लागला म्हणजे पाऊस आलाच असंही नाही. पहिल्या वळवाच्या सरीने फसू नका, त्यानंतरचा उकाडा जास्त त्रास देतो. सलग पाऊस सुरू होऊन दुपारी माठ अर्ध्याहून जास्त भरलेले राहू लागले, की आठवडाभराने आवरतं घ्या. बंद करण्याच्या चार दिवस आधी पाटीवर तसं लिहा, कारण काही मजूर आणि फेरीवाले तुमच्या पाण्याच्या भरवशावर घरून बाटली आणत नसतात.

माठ घासून, तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवून, उपडे करून हवेशीर जागी ठेवा. ऊन मिळालं नाही तर घरात कोरड्या जागी ठेवा, पण ओलसर माठ प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत बुरशी धरते आणि तो वास पुढच्या वर्षीही जात नाही. तोट्या काढून वायसरसकट डब्यात भरा. तडा गेलेल्या माठाचा तळ नीट फोडून घेतला तर पाखरांचं परळ होतं. ओट्यावरची वाळू काढून टाका, पावसात तिच्यात घाण मुरते, पुढच्या वर्षी नवी घ्या.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहा: सर्वांत जास्त पाणी लागलेला दिवस आणि त्या दिवशीचे लिटर, फुटलेले माठ, मे महिन्यात प्रत्यक्ष आलेली माणसं. वही आणि तोट्यांचा डबा एकाच माणसाच्या घरी ठेवा आणि तो कुठे आहे ते बाकीच्या सगळ्यांना सांगून ठेवा.